लुसिया घरी आणि शाळेत करायची तर

गोथेनबर्ग, स्वीडन
१६ नोव्हेंबर

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.
ताईला आणि ओवीला खूप प्रेम.

ताई, ओवीच्या शाळेत १३ डिसेंबरला लुसियाची, म्हणजे इथल्या उजेडाच्या सणाची, मिरवणूक बसवायचं काम तुझ्याकडे आलं, हे फार छान झालं. तुझ्या प्रश्नांची फोनवर तुकड्यातुकड्यानं उत्तरं दिली तर निम्मी राहून जातील, म्हणून सगळं एकदाच लिहून काढते. कपडे, मुकुट, मेणबत्त्या तुझ्यासाठी, तारखेचा हिशेब बाबांसाठी आणि पावांची कृती आईसाठी आहे.

आधी मुद्द्याचं. लुसिया म्हणजे अंधारात सगळ्यांच्या आधी उठून, उजेड डोक्यावर घेऊन, मोकळ्या राहिलेल्या दोन्ही हातांत खाण्याचं तबक धरून झोपलेल्यांकडे जाणं. मुकुट डोक्यावर आहे तो हात मोकळे राहावेत म्हणून. इथल्या घरांत थोरली मुलगी पहाटे आईवडिलांना अंथरुणातच कॉफी आणि केशरी पाव नेऊन देते, ती खरी लुसिया. गाणी, रांग, पांढरे झगे हे सगळं त्याच्या भोवतीनं आलं. त्यामुळे शाळेत काहीही गाळावं लागलं तरी तबक गाळू नकोस. गाणं संपल्यावर मुलांनी स्वतःच्या हातानं पाव वाटायचे, आणि पहिला पाव शाळेतल्या शिपाईकाकांना आणि झाडलोट करणाऱ्या मावशींना द्यायचा. तेवढं झालं की सण झाला.

ज्या संत लुसियाच्या नावाचा हा सण, ती इटलीच्या सिसिली बेटावरच्या सिराक्यूज शहरातली मुलगी. रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या काळात ख्रिस्ती लोकांचा छळ झाला, त्यात इ. स. ३०४ मध्ये ती मारली गेली, अशी परंपरा आहे. तिची आई कित्येक वर्षं रक्तस्रावानं आजारी होती. मायलेकी कातानियाला संत आगाथाच्या कबरीवर गेल्या, आईला गुण आला, आणि लुसियानं आपल्या हुंड्यासाठी ठेवलेला पैसा गोरगरिबांना वाटून टाकला. तिच्याशी लग्न ठरलेल्या माणसाला ते सहन झालं नाही. त्यानं ही ख्रिस्ती आहे म्हणून अधिकाऱ्याकडे चहाडी केली. पुढचं आख्यान असं की तिला ओढून न्यायला बैल जुंपले तरी ती जागची हलली नाही, आग लावली तरी भाजली नाही, शेवटी तलवारीनं तिचा जीव घेतला. आख्यानाचा भाग सोडला तरी तिची भक्ती फार जुनी आहे यात शंका नाही. सिराक्यूजच्या भुयारी दफनभूमीत सुमारे पाचव्या शतकातला एका बाईच्या थडग्यावरचा लेख सापडला आहे. ती बाई लुसियाच्या सणाच्या दिवशी वारली, असं त्यात कोरलं आहे. कॅथलिक मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, जुन्या रोमन प्रार्थनेत आगाथा, अग्नेस, सेसिलिया यांच्या बरोबरीनं लुसियाचं नाव आजही घेतलं जातं.

मुलांना सांगायची गोष्ट मात्र वेगळी आणि साधी आहे, तीच सांग. भुयारात लपून बसलेल्या लोकांना लुसिया अन्न पोचवायची. दोन्ही हातांत अन्न, मग दिवा धरायचा कुठे? म्हणून तिनं तो डोक्यावर बांधला. जुन्या चित्रांत तिच्या हातातल्या ताटलीत दोन डोळे दिसतात, कारण ती दृष्टीची रक्षणकर्ती मानली जाते. लहान मुलं ते पाहून घाबरतात, तेव्हा तक्त्यासाठी चित्र निवडताना ते नको. कमरेची लाल फीत ही तिच्या हौतात्म्याची खूण. आपल्याकडे पुण्यात कॅम्पातल्या कॅथलिक चर्चमध्येसुद्धा १३ डिसेंबरच्या मिस्सेला धर्मगुरूंचा झगा लाल असतो. त्या दिवशी रविवार आला तर मात्र आगमनकाळातला, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या आठवड्यांतला, रविवार वरचढ ठरतो. शाळेतल्या ख्रिस्ती कुटुंबांना ही तारीख ठाऊक असेल, त्यांना विचारून घेतलंस तर मदतही मिळेल.

आता बाबा, तुमचा प्रश्न: वर्षातली सगळ्यात मोठी रात्र २१ डिसेंबरच्या आसपास असताना उजेडाचा सण १३ला कसा? याचं उत्तर रोमनांच्या जुन्या ज्युलियन पंचांगात आहे. त्यात वर्ष ३६५ दिवस ६ तासांचं धरलं होतं. ऋतूंचं खरं वर्ष त्याहून सुमारे ११ मिनिटांनी लहान आहे. म्हणजे साधारण १२८ वर्षांत एक दिवसाचा फरक पडतो. तो साचत साचत १४व्या शतकात मोठी रात्र १३ डिसेंबरवर येऊन बसली, आणि उत्तरेकडच्या खेड्यापाड्यांत लुसियाची रात्र म्हणजेच सगळ्यात लांब रात्र हे पक्कं झालं. पोप ग्रेगरीनं १५८२मध्ये पंचांग दुरुस्त केलं, पण प्रॉटेस्टंट स्वीडननं ते स्वीकारलं १७५३मध्ये. त्या वर्षी इथे १७ फेब्रुवारीनंतर एकदम १ मार्च उजाडला. दिवस सरकले, लुसियाची तारीख नावाला चिकटून तिथेच राहिली. आपली संक्रांत १४वरून १५ जानेवारीला सरकते त्याच्याशी हे जोडू नका. तिथे नक्षत्रांवरून मोजलेलं वर्ष आणि इंग्रजी वर्ष यांत सुमारे २० मिनिटांचा फरक आहे, त्यामुळे एक दिवस सरकायला साधारण ७२ वर्षं लागतात. दोन्हीकडे गोष्ट काही मिनिटांचीच, पण कारण निराळं.

त्या लांब रात्रीला इथले शेतकरी भीत असत. लुसी नावाची एक दुष्ट बाई हवेतून फिरते, त्या रात्री गुरंढोरं माणसासारखी बोलतात, असं मानत. झोपायचं नाही, गुरांना जादा वैरण घालायची, मळणी आणि सूतकताई त्याआधी उरकायची. पहाटेपर्यंत एकामागून एक न्याहाऱ्या झोडायची पद्धतही होती, कारण पुढे नाताळापर्यंत उपासाचे दिवस. या जुन्या भीतीच्या रात्रीवर सिसिलीच्या मुलीचं नाव बसलं. स्वीडनमध्ये १६व्या शतकात लूथरचा प्रॉटेस्टंट पंथ आला, संतांची पूजा बंद झाली, तरी ही एक टिकली. पांढऱ्या वेशातल्या लुसियाची पहिली लेखी नोंद १७६४ची आहे, आमच्या या पश्चिम भागातल्या वेस्तेर्योतलांदमधल्या एका जमीनदाराच्या वाड्यातली. तेव्हा ही बड्या घरांतली आणि पाद्रींच्या घरांतली रीत होती. स्टॉकहोमच्या स्कान्सेन या उघड्यावरच्या संग्रहालयानं १८९३मध्ये ती लोकांसमोर आणली, आणि १९२७मध्ये राजधानीतल्या एका वर्तमानपत्रानं शहराची लुसिया निवडायची स्पर्धा घेतल्यावर ती गावोगाव पसरली.

स्पर्धेबरोबर एक वाईट गोष्टही पसरली. लांब सोनेरी केसांची, दिसायला सुंदर मुलगी मतं देऊन निवडायची, आणि बाकीच्यांनी मागे उभं राहायचं. वर्षानुवर्षं मुली यावरून हिरमुसल्या. आता पुष्कळ शाळा चिठ्ठ्या टाकतात, मुलगेही लुसिया होतात. ताई, तूही चिठ्ठ्याच टाक, आणि त्या सगळ्या वर्गासमोर उघड. बाईंनी निवडलेली लुसिया असली की कुजबूज सुरू होते. ज्याचं नाव येईल त्यानं सगळ्यात जास्त तबकं उचलायची, हे आधीच सांगून ठेव.

वेळेचं बघ. इथे त्या दिवशी सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि साडेतीनच्या आत मावळतो. किरुनाकडे उत्तरेत तर तो उगवतच नाही. त्यामुळे इथल्या शाळांना सकाळी आठलाही काळोख मिळतो. पुण्यात १३ डिसेंबरला सूर्योदय सातच्या आसपास, आणि फटफटायला लागतं साडेसहालाच. सव्वासहाला सुरू करता आलं तर पडदेही लागणार नाहीत. शाळा एवढ्या लवकर उघडणार नसेल तर सभागृहाच्या खिडक्यांना काळा कागद किंवा जाड चादरी लावा. काळोख अर्धवट असला तर सगळं फुकट जातं. ट्यूबलाइट बंद, प्रोजेक्टर बंद, आणि पालकांना मोबाइलचे फ्लॅश बंद ठेवायला आधी सांगायचं. आल्यावर सांगितलं तर कुणी ऐकत नाही.

क्रम असा. प्रेक्षक अंधारात शांत बसलेले. दाराबाहेरून, दिसायच्या आधी, गाणं ऐकू येतं. हे अर्धं मिनिट सगळ्यात महत्त्वाचं, तेव्हा कुणी "आता सादर करत आहोत" म्हणून माइक हातात घ्यायचा नाही. मग छताला उजेड लागतो, मग लुसिया दिसते. तिच्यामागे जोडीजोडीनं करवल्या: पांढरा झगा, हातात एकेक मेणबत्ती, केसांत चंदेरी झिरमिळ्या, कमरेला फीत नाही किंवा चंदेरी. लाल फीत एकट्या लुसियाला. त्यामागे तारेवाली मुलं, डोक्यावर सोनेरी तारे चिकटवलेली पांढऱ्या पुठ्ठ्याची उंच निमुळती टोपी आणि हातात काठीला लावलेला तारा. ही मुलं मूळची लुसियाची नव्हेत. ६ जानेवारीला, बाळ येशूच्या भेटीला आलेल्या तीन ज्ञानी पुरुषांच्या सणाला तारा घेऊन गात फिरणारी पोरं होती, ती हळूहळू या रांगेत आली. शेवटी अगदी लहानगे, लाल टोपीचे बुटके आणि तपकिरी कपड्यांत आल्याची बिस्किटं झालेली मुलं. दोन मुलांत दोन हातांचं अंतर ठेव. रांग गर्दी करते ती नेहमी दाराशी आणि वळणावर. तिथे खडूनं खुणा कर.

गाण्याची चाल इटलीतली आहे, नेपल्सच्या नावाड्यांच्या गाण्याची, १८४९मध्ये छापली गेलेली. त्यात मुळात समुद्र आणि होडी आहे. स्वीडनमध्ये त्या चालीवर रात्रीचे आणि उजेडाचे शब्द बसवले. चाल तीन तीन मात्रांची आहे, दादऱ्यात सहज बसते, तेव्हा तुमच्या संगीताच्या बाईंना मराठी शब्द रचायला सांग. समेवर एक पाऊल, एवढ्या संथ गतीनं चालायचं. मुलं घाईनं चालतात आणि गाणं निम्म्यावर असताना जागेवर पोचतात, म्हणून दारापासून स्टेजपर्यंतची पावलं आधी मोजा आणि तेवढी कडवी धरा. आत येताना पेटी-तबला नको, नुसते आवाज. मध्ये चारपाच गाणी, मग पुन्हा तेच पहिलं गाणं म्हणत बाहेर. सगळं मिळून वीस मिनिटं. त्याहून लांबलं तर लुसियाची मान दुखते आणि धाकटी मुलं खाली बसतात.

झग्यासाठी लक्ष्मी रोडवर सुती पॉपलिन किंवा मांजरपाट घे. सिंथेटिक सॅटिन अजिबात नको, ठिणगी लागली तर ते वितळून अंगाला चिकटतं. मांजरपाट आटतो, तो शिवायच्या आधी रात्रभर भिजवून वाळव. दहा वर्षांच्या मुलीला ३६ इंच पन्ह्याचं पावणेतीन ते तीन मीटर लागतं. खांद्यापासून घोट्यापर्यंत मापून त्यातून ६-७ सेंटीमीटर कमी कर, नाहीतर पायऱ्या चढताना पाय अडकतो. हातात तबक असल्यावर झगा उचलता येत नाही, हे लक्षात घे. बाही मनगटाशी निमुळती ठेव. घोळदार बाही पुढच्या मुलीच्या मेणबत्तीवर जाते. लाल फीत दोन इंच रुंद आणि सव्वादोन मीटर लांब, तुळशीबागेत मिळेल. गाठ बाजूला, टोकं गुडघ्याच्या खाली लोंबती.

मुकुटात पाच किंवा सात मेणबत्त्या असतात, आणि कड्याभोवती लिंगोन या इकडच्या रानटी झुडपाच्या बारीक पानांच्या डहाळ्या गुंडाळतात. लिंगोन तिथे मिळणार नाही. गुलटेकडीच्या फुलबाजारात गुच्छांत घालायची कामिनी मिळते, तिची पानं लहान, चकचकीत आणि गर्द हिरवी असतात, दिवसभर सुकत नाहीत. ती आदल्या रात्री पाण्यात ठेवून सकाळी बांध.

खऱ्या मेणबत्त्या डोक्यावर घ्यायच्या का? शाळेत नाही, ठाम नाही. इथेही मुलांच्या मुकुटात बॅटरीचे दिवे असतात. मोठ्या गायकवृंदातली सज्ञान मुलगी खऱ्या ज्योती घेते, तेव्हा केस घट्ट बांधून त्यावर ओला करून पिळलेला रुमाल ठेवतात, म्हणजे मेण टाळूवर उतरत नाही. हेअर स्प्रे मारायचा नाही. शेजारून एक मोठं माणूस ओला टॉवेल घेऊन चालतं. एवढं करूनही अपघात होतात, आणि ते जास्त करून मुकुटामुळे होत नाहीत. मागच्या मुलीच्या हातातली मेणबत्ती पुढच्या मुलीच्या मोकळ्या केसांना लागते, नाहीतर झिरमिळ्यांना किंवा तारेवाल्याच्या कागदी टोपीला. म्हणून करवल्यांच्या हातातही दिवे बॅटरीचेच असू देत. पेन्सिल सेलवर चालणारे घे. बटणासारखे सेल लहान मुलं गिळतात आणि ते फार धोक्याचं असतं. घरी मोठ्यांनी खऱ्या ज्योतीची हौस करायची झाली तर छताचा पंखा आधी बंद करा, वाऱ्यानं मेण एका बाजूनं ओघळतं.

मुकुट घरी बनवायचा तर अडीच-तीन मिलिमीटरची जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) तार घे. डोक्याच्या घेरापेक्षा एक सेंटीमीटर मोठं कडं दोन वेढ्यांचं कर, टोकं आत दुमडून वरून सुती पट्टी गुंडाळ. त्यावर पाच बॅटरीचे दिवे बारीक तारेनं बांध, नुसता डिंक लावलास तर चालताना गळून पडतात. वजन पाव किलोच्या आत राहू दे. मुकुट घसरतो तो बहुतेक कपाळावर, कारण मुली पायाकडे बघत चालतात. मुकुट घालून नजर समोर ठेवायची सवय आठवडाभर रोज पाच मिनिटं करायला लाव.

आई, आता तुझं खातं. केशरी पावांना लुसेकाटर, म्हणजे लुसियाच्या मांजरी, म्हणतात. सैतान मांजराच्या रूपात येतो, त्याला उजेडाचा रंग सोसवत नाही, म्हणून पावात केशर घालू लागले, अशी एक कथा आहे. दोन गुंडाळ्या एकमेकींविरुद्ध वळलेल्या आणि प्रत्येकीच्या मध्यावर एक बेदाणा, हा नेहमीचा आकार. तुझ्या ओटीजीसाठी, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनसाठी, १६ पावांचं प्रमाण देते.

केशर अर्धा ग्रॅम, म्हणजे एक ग्रॅमच्या डबीतलं निम्मं. यापेक्षा जास्त घातलं तर कडवटपणा येतो. चिमूट कोमट पाण्यात टाकून बघ: खरं केशर हळूहळू पिवळा रंग सोडतं आणि काडी लालच राहते, पाणी लगेच लाल झालं तर ते रंगवलेलं. केशर चमचाभर साखरेबरोबर खलबत्त्यात अगदी बारीक कुटून दोन चमचे गरम दुधात अर्धा तास ठेव. अख्ख्या काड्या घातल्या तर ठिपके दिसतात आणि रंग येत नाही.

१०० ग्रॅम बटर पातळ कर, त्यात २२५ मिली दूध घाल. मिश्रण अंगाइतकंच कोमट हवं, मनगटावर थेंब टाकला तर गरम वाटता कामा नये. गरम असलं तर यीस्ट मरतं आणि कितीही थांबलीस तरी पीठ फुगत नाही. त्यात ७ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, केशराचं दूध, ९० ग्रॅम साखर आणि १२५ ग्रॅम ताजा चक्का. इथे क्वार्क नावाचं घट्ट दह्यासारखं असतं, त्याच्या जागी आपला चक्का उत्तम चालतो, पण डेअरीतून बिनसाखरेचा आणि गोडसर आण, आंबट नको. तो घालायचं कारण असं की केशराच्या पावात कोरडेपणा पटकन येतो आणि चक्क्यामुळे ओलावा धरून राहतो. बटर खारं असेल तर मीठ नको, बिनमिठाचं असेल तर पाव चमचा.

मैदा आधी ४५० ग्रॅमच घाल. मळताना लागेल तसा ५००पर्यंत जा, त्यापुढे नाही. इथे सगळे चुकतात. पीठ हाताला चिकटतं म्हणून मैदा वाढवत राहिलं की दुपारपर्यंत पावाचा दगड होतो. हे पीठ पुरणपोळीच्या कणकेइतकं सैल राहिलं पाहिजे. हातानं पंधरा मिनिटं मळ, मळता मळता ते आपोआप परातीपासून सुटायला लागतं. मग झाकून ठेव, दुप्पट होईपर्यंत. डिसेंबरात पुण्यात रात्री चांगलीच थंडी असते, तेव्हा दीड तासही लागेल. बंद ओटीजीत गरम पाण्याची वाटी शेजारी ठेवलीस तर तासात होतं. आणखी गरम जागा शोधू नकोस, घाईनं फुगलेल्या पावाला यीस्टचा वास येतो.

पिठाचे ६५-६५ ग्रॅमचे गोळे कर. प्रत्येकाची २५ सेंटीमीटरची वळी, टोकांशी किंचित बारीक. एक टोक वरच्या बाजूनं आत गुंडाळत मध्यापर्यंत आण, दुसरं खालच्या बाजूनं, उलट दिशेनं. गुंडाळी फार आवळलीस तर भाजताना मधला भाग वर उभा राहतो, ढिली ठेवलीस तर उलगडते. तेल न लावलेल्या ओट्यावर वळी कर. तेल असलं की ती घसरते, लांब होतच नाही. एका ट्रेवर आठ, अंतर ठेवून, पुन्हा अर्धा तास झाकून ठेव. बेदाणे गरम पाण्यात पंधरा मिनिटं भिजवून, पुसून, बोटानं अगदी तळाशी टेकेपर्यंत दाब. वरवर ठेवलेले फुगताना उडून पडतात आणि न भिजवलेले करपतात. वरून फेटलेलं अंडं लावतात. अंडं नको असेल तर साय घुसळलेलं दूध लाव, चमक थोडी कमी येईल, चवीत फरक नाही.

ओटीजी २१० अंशांवर पंधरा मिनिटं तापवून, दोन्ही कॉइल चालू, मधल्या कप्प्यात ९ ते ११ मिनिटं. इथल्या मोठ्या ओव्हनमध्ये २२५वर ६ ते ८ मिनिटंच लागतात. ओटीजीत कॉइल जवळ असते म्हणून उष्णता कमी ठेवायची. वरचा रंग सोनेरी झाला की लगेच काढ. तपकिरी होईपर्यंत थांबलीस तर आतून सुकलेच समज. बाहेर काढून सुती कपड्याखाली निववायचे, म्हणजे वरचा पापुद्रा मऊ राहतो. हे पाव त्याच दिवशी खायचे. आदल्या दिवशी करायचे असतील तर किंचित कोमट असतानाच पिशवीत बंद करून फ्रीजरमध्ये टाक, आणि पहाटे १५० अंशांवर पाच-सात मिनिटं गरम कर. मायक्रोवेव्हमध्ये ते चिवट होतात. शाळेसाठी बरेच लागतील, ते गल्लीतल्या बेकरीला ही कृती देऊन भाजून घे. फक्त केशर आणि चक्का तू नेऊन दे, आणि वेळेचं दोनदा सांग, कारण बेकरीची भट्टी ओटीजीपेक्षा कडक असते.

सोबत मोठ्यांना कॉफी, मुलांना गरम दूध, आणि आलं-दालचिनी-लवंगेची पातळ बिस्किटं. बिस्किट तळहातावर ठेवून बोटाच्या पेरानं मध्यावर दाबायचं. तीन तुकडे झाले तर मनात धरलेलं पुरं होतं म्हणतात. ओवीला हे आवडेल.

सिसिलीतला प्रकारही तुला सांगायला हवा, कारण तो तुझ्या हातचा आहे. तिथे १३ डिसेंबरला पाव आणि पास्ता खात नाहीत, उकडलेले गहू खातात, त्याला कुच्चीया म्हणतात. १६४६च्या दुष्काळात लुसियाच्या दिवशी गव्हानं भरलेलं जहाज बंदराला लागलं आणि भुकेल्या लोकांनी दळायचीही वाट न पाहता गहू तसेच उकडून खाल्ले, अशी आठवण सांगतात. खिरीसाठी कांडून साल काढलेले खपली गहू आणतेस तेच घे. रात्रभर भिजव, कुकरमध्ये मऊ पण अख्खे राहतील इतपत शिजव, पूर्ण निथळून गार कर, आणि ताज्या मऊ पनीरमध्ये पिठीसाखर व थोडी दालचिनी घालून फेटून त्यात मिसळ. गहू गरम असताना मिसळलेस तर पनीर पाणी सोडतं. पाव जमले नाहीत तरी हे शाळेत नक्की चालेल, भट्टीही लागत नाही.

बाबा, तुमच्यासाठी एक जाता जाता: लुसियाचे मानले जाणारे अवशेष व्हेनिसला आहेत. तिथलं तिच्या नावाचं चर्च १८६१मध्ये रेल्वे स्टेशनसाठी पाडलं, अवशेष जवळच्या सान जेरेमिया चर्चमध्ये हलवले, आणि स्टेशनला नाव मात्र सांता लुचीया हेच राहिलं. आणि नोबेलवाले १० डिसेंबरच्या समारंभानंतर स्टॉकहोमच्या ग्रँड हॉटेलात उतरलेले असतात, त्यांनाही १३च्या पहाटे खोलीत लुसिया उठवायला येते.

ताई, एक बॅटरीचा मुकुट मी पार्सलनं पाठवते आहे. त्यातले सेल काढून घेतले आहेत, तिथले पेन्सिल सेल चालतील. कड्याला मागे स्क्रू आहे, ५० ते ५६ सेंटीमीटरपर्यंत लहानमोठं होतं. ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल त्याच्या डोक्याचा घेर कपाळाच्या मधून मापून मला कळव. त्याहून मोठा असेल तर तारेचा मुकुट तिथेच करावा लागेल, आणि त्यासाठी निदान आठवडा हाताशी ठेव.

तुमची,
मधुरा